नजर आणि वचन : ‘दो आँखें बारह हाथ’मधील सुधारणाविचाराची चिकित्सा

१

मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. संस्कृतात त्याच शब्दाचा अर्थ शिकणे वा शिकविणे असा आहे. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे नावही ‘शिक्षा’ असेच आहे, आणि शेजारच्या हिंदीत आजही हा शब्द विद्यादानासाठी वापरला जातो. एकाच धातूपासून आपल्या भाषेने ‘शिक्षण’ शाळेकडे दिले आणि ‘शिक्षा’ न्यायालयाकडे दिली. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून सिद्धान्त काढणे धोक्याचे असते, हे मान्य. तथापि दंडशास्त्रातील जुना वाद या एका शब्दात साठविलेला आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. गुन्हेगाराला दंड द्यावयाचा तो त्याने केलेल्या कृत्याचे मोल म्हणून, की त्याला पुन्हा माणसांत आणावयाचे म्हणून?

या प्रश्नाची चर्चा निघाली की व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाचा दाखला हटकून दिला जातो. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवातील रौप्य अस्वल यांनी गौरविलेली ही कृती सुधारणावादाची निर्णायक साक्ष आहे, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. या चित्रपटाने आपल्या पिढ्यांच्या मनावर जो संस्कार केला तो मोलाचा आहे, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. परंतु एखादी कलाकृती दाखला म्हणून वापरली जाऊ लागली, की ती वाचण्याचे थांबते. या लेखात ती पुन्हा वाचण्याचा प्रयत्न आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : या चित्रपटात सुधारणेची एक नव्हे, दोन तत्त्वे आहेत. एक नजरेचे, दुसरे वचनाचे. चित्रपटाने आपले शीर्षक आणि आपले अखेरचे दृश्य पहिल्याला अर्पण केले. टिकाऊ आहे ते मात्र दुसरे.

२

चित्रपटाच्या मागे असलेली वस्तुस्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपल्या प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली. तिच्या सिद्धतेत गांधीजींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि ‘भारतानंद’ या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. त्याच वर्षी आटपाडीजवळच्या कोरड्या माळावर ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, आटपाडी पुढे सांगली जिल्ह्यात आली, तरी वसाहत चालू राहिली. चित्रपटाचे पटकथा-संवादलेखक ग. दि. माडगूळकर हे याच माणदेशचे सुपुत्र होत. त्यामुळे हा विषय त्यांच्या हाती ऐकीव गोष्ट म्हणून आला नव्हता. त्यांच्या गावच्या शिवारातून तो आला होता.

येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. स्वतंत्रपूर हा दयेचा एक सुटा प्रसंग नव्हता. ज्या वर्षी प्रजेवर विश्वास टाकून सत्ता तिच्या हाती देण्यात आली, त्याच वर्षी कैद्यावरही विश्वास टाकण्यात आला. एकाच राजकीय कल्पनेची ही दोन रूपे होत. या वसाहतीच्या रचनेतही व्यक्तिमाहात्म्याला फारसा अवसर नाही. भिंत नाही, कसावयास जमीन आहे, कैद्याला आपल्या कुटुंबासह राहता येते, सकाळी उठून विहिरीवर जावे, पीक राखावे, मुलांना शाळेत धाडावे, असा सामान्य शेतकऱ्याचा दिनक्रम आहे. म्हणजे, एखाद्या साधुपुरुषाचा सहवास हा या प्रयोगाचा आधार नसून सामान्य आयुष्याची परिस्थिती हा त्याचा आधार आहे. जो नवरा आहे, बाप आहे, ज्याची मिरची वाळत घातली आहे, तो पळून कोठे जाणार? आणि का जाणार?

३

या वस्तुस्थितीचे चित्रपटाने काय केले? आदिनाथ हा तरुण तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना स्वतःच्या जबाबदारीवर तुरुंगाबाहेर नेतो, उजाड जमिनीवर त्यांच्याबरोबर स्वतः राबतो आणि तेथे भाजीपाला पिकवितो. तो माल वाजवी भावात बाजारात येताच मक्तेदार व्यापाऱ्याचे हितसंबंध दुखावतात, आणि त्या वैराचा शेवट आदिनाथाच्या मृत्यूत होतो.

या कथानकातील पहिला बदल उघड आहे. स्वतंत्रपूरची राज्यघटना, दरबार, कायदा ही सारी चौकट नाहीशी होऊन तेथे एक माणूस उभा राहतो. नाट्यदृष्ट्या हे समर्थनीय आहे. राज्यघटनेवर चित्रपट काढता येत नाही. परंतु या बदलाबरोबर सुधारणेचे कारणही बदलते. चित्रपटाची मध्यवर्ती प्रतिमा आदिनाथाचे डोळे ही आहे. कैदी पळून जाऊ पाहतात, तेव्हा त्यांना भिंत अडवीत नाही, शिपाई अडवीत नाही. त्या डोळ्यांची आठवण अडविते आणि ते परत फिरतात. आदिनाथ मरतो तरी डोळे मिटत नाहीत. आकाशातून ते पाहतच राहतात. शीर्षकातला हिशेबही तेच सांगतो. डोळे दोन, ते अधिकाऱ्याचे; हात बारा, ते कैद्यांचे. पाहण्याचे काम एकाकडे, राबण्याचे काम सहांकडे. त्या सहांना डोळे होते की नाही, हा प्रश्न शीर्षक विचारीत नाही.

नजर हे दंडसंस्थेचे फार जुने साधन आहे. जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुरुंगाच्या आराखड्यात कोठड्या वर्तुळाकार असून मध्यभागी निरीक्षकाचा मनोरा आहे. निरीक्षक दिसत नाही, पण तो पाहत असेल ही शक्यता कैद्याला क्षणभरही विसरता येत नाही; आणि म्हणून तो स्वतःच स्वतःवर पहारा करू लागतो. अंदमानच्या सेल्युलर जेलचे मध्यवर्ती मनोऱ्याभोवती फाकलेले सात पाखे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. आदिनाथाची नजर अर्थातच या मनोऱ्याच्या नजरेहून निराळी आहे. ती प्रेमाची आहे, ती लपलेली नाही, आणि तिचा धनी स्वतः कुदळ घेऊन उन्हात उभा आहे. हा भेद लहान नाही. परंतु तिच्या कार्याची रीत तपासली तर साम्य नजरेआड करता येत नाही. दोहोंकडे कैद्याचे वर्तन ‘कोणी पाहत आहे’ या जाणिवेवर अवलंबून आहे. दोहोंकडे पाहणारा प्रत्यक्ष नसतानाही पहारा चालू राहणे हीच यशाची खूण आहे.

यावर असा आक्षेप येईल की, ते डोळे म्हणजे विवेकाचे, सदसद्बुद्धीचे प्रतीक आहे, आणि विवेक बाहेरून आत यावयाचा तर तो एखाद्या आदरणीय माणसाच्या रूपानेच येतो. आईबापांच्या बाबतीतही असेच घडत नाही काय? आक्षेप विचारार्ह आहे. मुलाच्या बाबतीत असे घडते, हे खरे. परंतु मूल मोठे व्हावयाचे असते. खून केलेला प्रौढ माणूस मूल नव्हे. तो मूल असता तर आपण त्याला दोषी ठरविलेच नसते. त्याला दोषी ठरविताना प्रौढ समजावयाचे आणि सुधारताना बालक समजावयाचे, ही विसंगती सुधारणावादाच्या मुळाशी वारंवार आढळते. चित्रपट ती विसंगती निर्माण करीत नाही. पण तिला इतके सुंदर रूप देतो की ती दिसेनाशी होते.

४

सुदैवाने चित्रपटात आणखी एक सूत्र आहे. बाजारात व्यापाऱ्याची माणसे कैद्यांवर तुटून पडतात, तेव्हा ज्यांच्या हातांनी पूर्वी खून केले तेच हात आता मार खातात, पण उठत नाहीत. हिंसा न करण्याचा दिलेला शब्द ते पाळतात. ‘बारह हाथ’ या शब्दांना खरा अर्थ या प्रसंगात येतो. येथे कैदी डोळ्यांना भिऊन वा डोळ्यांनी मोहून वागत आहेत असे म्हणणे अपुरे ठरेल. त्यांच्यापाशी बळ आहे, चीड येण्यास पुरेसे कारण आहे, सवय तर आहेच. आणि तरीही ते स्वतःला आवरतात, कारण तसा शब्द त्यांनी दिलेला आहे.

नजर आणि वचन यांतला भेद येथे स्पष्ट होतो. नजर पाहणाऱ्याची असते; जो पाहिला जातो तो तिचा विषय असतो. वचन मात्र देणाऱ्याचे असते. वचन देण्यास माणूस स्वतंत्र असावा लागतो, ते मोडता येण्याची शक्यता असावी लागते, आणि ते पाळल्याचे श्रेय देणाऱ्याच्याच पदरी पडते. नजरेने सुधारलेला कैदी पाहणाऱ्याचे यश ठरतो. वचनाने सुधारलेला कैदी स्वतःचे. बाजारातील या प्रसंगानंतर चित्रपट तेथेच थांबला असता तर त्याचा सिद्धान्त वेगळा झाला असता. परंतु अखेरचे दृश्य पुन्हा आकाशातील डोळ्यांकडे वळते, आणि सहा माणसांनी कमावलेले यश एका माणसाच्या पुण्याईत जमा होते.

आपल्या परंपरेत या भेदाला एक नाव आहे. दंड बाहेरून लादला जातो; प्रायश्चित्त घ्यावे लागते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शास्त्रीबुवांच्या निःस्पृहतेसाठी आपण ती सांगतो. पण तिच्यातील ‘प्रायश्चित्त’ हा शब्दही लक्षणीय आहे. त्या शब्दाने अपराध्याला त्याच्या कृत्याचा कर्ता म्हणून उभे केले जाते. ‘हे मी केले’ असे त्याने म्हणावे, अशी अपेक्षा त्यात आहे. देहान्ताचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे ते इतकेच की, कृत्य स्वतःचे म्हणून स्वीकारल्यावाचून सुधारणा सुरू होत नाही, आणि असा स्वीकार दुसऱ्याने कितीही प्रेमाने पाहिले तरी त्याच्या नजरेतून उसना घेता येत नाही. चित्रपटाच्या मर्यादेचे दुसरे अंगही येथेच दिसते. ज्यांचे खून झाले त्यांना या कथेत मध्यवर्ती स्थान नाही. कैदी आणि आदिनाथ यांच्यातील नाते इतके भरून राहते की, कैद्यांचे मूळ देणे कोणाचे होते हा प्रश्न मागे पडतो.

५

हा भेद केवळ रसग्रहणापुरता आहे असे कोणी समजू नये. नजरेवर उभारलेल्या सुधारणेला मर्यादा नसते, आणि मर्यादा नसलेली सुधारणा काय करू शकते याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही या व्यवस्थेखाली आला. सोलापूर, हुबळी येथे वसाहती उभ्या राहिल्या. तारेचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जावयाचे तर परवाना. या साऱ्याचे समर्थन सूडाच्या भाषेत केले जात नव्हते. कामाची सवय लावणे, मुलांना शिकविणे, स्थिर जीवन देणे, म्हणजेच सुधारणा, हीच त्या वसाहतींची घोषित भाषा होती. वसाहतीतील माणसे सोलापूरच्या गिरण्यांत कामालाही जात. ज्यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता अशांनाही ही सुधारणा भोगावी लागली, आणि ती केव्हा पूर्ण झाली हे ठरविण्याचा अधिकार पाहणाऱ्याकडेच राहिला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून आणि तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतून तो संशय पुढे चालत राहिला. तुरुंगात जातीनुसार कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात घटनाबाह्य ठरविले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. विमुक्त जमातींविषयीच्या पूर्वग्रहाचा विचारही त्या निर्णयात करावा लागला.

साधी शिक्षा झाली असती तर तिला निदान एक हिशेब असता : अमुक कृत्य, अमुक वर्षे, मग सुटका. १९४९ मध्ये सी. एस. लुईस यांनी ‘मानवतावादी’ दंडविचारावर घेतलेला आक्षेप नेमका हाच होता. गुन्हेगाराला रुग्ण मानले की त्याचे ‘मला माझ्या कृत्यापुरतीच शिक्षा व्हावी’ हे म्हणणे निरर्थक होते. कारण रुग्णाला बरा होईपर्यंत रुग्णालयात राहावे लागते, आणि बरा झाला की नाही हे वैद्य ठरवितो. अमेरिकेत अनिश्चित मुदतीच्या शिक्षांची पद्धत याच कारणाने टीकेचा विषय झाली. १९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन यांनी सुधारणा-कार्यक्रमांच्या फलश्रुतीविषयी निराशाजनक निबंध लिहिला. १९७९ मध्ये त्यांनी स्वतःच आपले मत बरेच सौम्य केले. पण तोवर लोकमत फिरले होते, आणि १९८४ च्या कायद्याने तेथील संघीय न्यायव्यवस्थेत नव्या शिक्षांपुरती पॅरोलची पद्धतच बंद केली. सुधारणेने आपली मर्यादा ओळखली नाही की तिच्या विरुद्ध प्रतिक्रिया येते आणि ती सुधारणेचे जे चांगले होते तेही घेऊन जाते, हा या इतिहासाचा धडा आहे.

यावरून असे दिसेल की, शिक्षा आणि सुधारणा यांना परस्परांचे शत्रू समजणे चुकीचे आहे. प्रमाणशीर शिक्षा ही सुधारणेची मर्यादा आखते. कृत्याच्या प्रमाणाबाहेर कोणालाही, त्याच्या हितासाठीसुद्धा, धरून ठेवता येणार नाही, हे शिक्षेचे म्हणणे आहे. आणि त्या मुदतीत माणसाला माणूस म्हणून जगू द्यावे, पुन्हा शब्द देण्याची आणि पाळण्याची संधी द्यावी, हे सुधारणेचे. एकाने दुसऱ्याची जागा घेतली की दोन्ही बिघडतात.

६

भारतीय कायद्याचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८९४ चा तुरुंग कायदा मुख्यतः बंदोबस्ताचा कायदा होता. १९१९-२० च्या तुरुंग समितीने गुन्हेगाराच्या सुधारणेला प्रशासनाचे उद्दिष्ट म्हणून मान्यता दिली. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने न्यायालयांना योग्य प्रकरणी अपराध्याला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा अधिकार दिला. हमी म्हणजे वचनच. कायद्याच्या रुक्ष भाषेत ते अवतरते ते असे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ च्या गियासुद्दीन प्रकरणात शिक्षेच्या निश्चितीत सुधारणेचा विचार आग्रहाने मांडला. १९८० च्या बचनसिंग निर्णयाने फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरविली नाही, पण अपराधी सुधारण्याची शक्यता हा विचारात घ्यावयाचा घटक मानला आणि ती शक्यता नाही हे दाखविण्याचा भार राज्यसंस्थेवर टाकला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ अपराधांसाठी समाजसेवा हा शिक्षेचा प्रकार म्हणून प्रथमच नमूद केला.

खुल्या कारागृहांची वाटचालही याच काळातली. उत्तर प्रदेशात १९५२ मध्ये चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामावर कैद्यांची छावणी उभी राहिली आणि पुढे ती संपूर्णानंदांच्या नावाने ओळखली गेली. महाराष्ट्रात येरवडा, पैठण येथे खुली कारागृहे झाली. राजस्थानातील सांगानेर येथे १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात, बाहेर जाऊन स्वतःची उपजीविका करतात. या संस्थांतून कोणा आदिनाथाचे नाव ऐकू येत नाही. अधिकारी बदलतात, बदली होऊन जातात. वसाहत चालू राहते. हेच तिचे यश होय. ज्या प्रयोगाला दर पिढीत एक संत लागतो त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

तरीही खुल्या कारागृहांत प्रवेश मिळतो तो निवडक कैद्यांना, बहुधा दीर्घ शिक्षेचा मोठा भाग भिंतीआड काढल्यानंतर. दुसरीकडे, २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसे न्यायाधीन बंदी होती. ज्यांचा अपराध सिद्धच झालेला नाही त्यांची सुधारणा कशाची करावयाची? शिक्षा की सुधारणा, हा आपला आवडता वाद त्या बराकींच्या दाराशी पोहोचण्यापूर्वीच थांबतो. तेथे शिक्षेचा हिशेब नाही आणि सुधारणेचा हेतूही नाही. केवळ वाट पाहणे आहे. या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुरुवात तेथून केली तर बरे होईल.

७

या चिकित्सेवरून ‘दो आँखें बारह हाथ’ची थोरवी कमी होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. खुनी ठरलेल्या माणसाच्या हातात बेडीऐवजी कुदळ द्यावी आणि त्याने पिकविलेली भाजी आपण बाजारातून विकत घ्यावी, हे चित्र सामान्य प्रेक्षकाच्या मनात उभे करणे ही १९५७ मध्ये लहान गोष्ट नव्हती, आजही नाही. व्यापाऱ्याचे पात्र आणून चित्रपटाने आणखी एक सत्य सांगितले आहे : कैद्याच्या सुधारणेच्या आड त्याचा स्वभाव जितका येतो तितकेच बाहेरच्यांचे हितसंबंधही येतात. सुटलेल्या माणसाला काम नाकारणारा मालक आणि खोली नाकारणारा घरधनी हे त्या व्यापाऱ्याचेच भाऊबंद होत.

मतभेद आहे तो श्रेयाच्या वाटपाविषयी. चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक असा अधिकारी आणखी हवा, असे म्हणत बाहेर पडतो. त्याने म्हणावयास हवे होते की, अशी जमीन, असा नियम आणि शब्द पाळण्याची अशी संधी आणखी हवी. पहिल्या इच्छेत आपली जबाबदारी संपते, कारण थोर माणसे आपल्या हातची नसतात. दुसरीत ती सुरू होते. औंधच्या राजाने १९३९ मध्ये नेमकी ही दुसरी गोष्ट केली होती, आणि ती त्याने केवळ कैद्यांपुरती केली नव्हती. आटपाडीच्या माळावरची ती वसाहत आपल्या संस्थापकांच्या पश्चात, संस्थानाच्याही पश्चात चालू राहिली. तिच्यावर आकाशातून कोणी पाहत होते म्हणून नव्हे, तर तेथे राहणाऱ्यांना राखण्याजोगे काही होते म्हणून.